पाणी न ओलांडता

हे सागरेश्वरा,

अजून उजाडायचं आहे. मार्गशीर्षातली थंडी फरशीतून तळपायात चढते आहे. गाभाऱ्यात समई तेवते आहे आणि तुझ्या पिंडीवर अभिषेकपात्रातून थेंब थेंब पाणी पडतं आहे. नंदीच्या पाठीवर हात ठेवला, तुझ्यापुढं डोकं टेकलं आणि वडिलांनी शिकवली तशी सोमसूत्री प्रदक्षिणा घातली. एका अंगानं निघालो, शाळुंकेवरचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या पन्हाळीपर्यंत आलो, थांबलो, मागं वळलो. मग दुसऱ्या अंगानं जाऊन पुन्हा त्याच पन्हाळीपाशी पोचलो. पाणी ओलांडलं नाही.

लहानपणी वडिलांना विचारलं होतं, की मारुतीला, विठोबाला पूर्ण फेरी घालायची, मग महादेवाला अर्धीच का? ते म्हणाले होते, "त्याच्या पाण्यावर पाय द्यायचा नसतो." तेवढंच. पुढं त्यांनी कधी उलगडून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज ते नाहीत. त्यांच्या त्या एका वाक्याचा अर्थ पायांना कळावा म्हणून तुझ्या डोंगराची फेरी करायला निघालो आहे. इथून कमळभैरवाच्या बाजूनं चढायचं, फाटकावर नोंद करायची, महागुंडोबाचा माथा गाठायचा, माथ्यावरून चालत पलीकडच्या अंगाला उतरायचं आणि कुंपणाच्या कडेकडेनं परत तुझ्या दारात यायचं. वासोट्याच्या किल्ल्यासारखी दमवणारी ही वाट नाही. पण चढ खडा आहे, उतारावरचा मुरूम पायाखालून सरकतो आणि वर पाणी नाही. माझ्या वयाला आणि गुडघ्यांना पुरेशी अवघड आहे.

देवा, मला निघायची परवानगी दे.

तुझं नाव सागरेश्वर. समुद्रेश्वरही म्हणतात तुला. समुद्र इथून कितीतरी लांब, सह्याद्रीच्या पलीकडं. तुझ्या या डोंगरावर तर बारमाही वाहणारा एक ओढाही नाही. सागराचा धनी अशा कोरड्या डोंगराच्या कुशीत का येऊन बसला असेल? पूर्वी मला हे नवल वाटायचं. आता वाटतं, ज्यांच्या घशाला कोरड पडली होती त्यांनीच तुला हे नाव दिलं असेल. तहानेनं तुला हाक मारली आणि तू आलास. चालुक्यांच्या काळातली म्हणतात अशी ही लहानमोठी देवळं तुझ्याभोवती दाटीनं उभी आहेत. एकेका देवळामागं कुणाची कसली तहान असेल, ते तुलाच ठाऊक.

उजाडू लागलं. निघतो.

---

हे कमळभैरवा, तूही त्याचंच रूप. तुझं देऊळ कड्याच्या टोकाला, अर्धं बांधलेलं आणि अर्धं काळ्या कातळात कोरलेलं. इथं पोचेपर्यंत धाप लागली. छातीचा भाता झाला आहे आणि कानात रक्त वाजतं आहे. या धापेबद्दल तुझे आभार. खाली असताना मी माझ्या कामाचा होतो, फोनचा होतो, उद्याच्या काळजीचा होतो. चढानं मला श्वासापुरतं करून ठेवलं. एक पाऊल, एक श्वास. याहून जास्त काही मागायची ताकदच उरली नाही, म्हणून प्रार्थना आपोआप लहान झाली. ती अशीच लहान राहू दे.

फाटकावरच्या वनरक्षकानं नाव लिहून घेतलं, पिशवीत प्लास्टिक आहे का पाहिलं आणि बजावलं, "वाट सोडू नका. दमानं जावा." त्याची ही दोन वाक्यं लक्षात ठेवायची बुद्धी मला दे.

वडिलांचं बोट धरून पहिल्यांदा इथं आलो तेव्हा हा डोंगर उघडा होता. कुसळी गवत, दगड, मुरूम आणि कुठं कुठं एखादी बोर किंवा बाभळ. उन्हाळ्यात वारा सुटला की धूळ उठायची. आज त्याच उतारावरून मी सावलीतून चाललो आहे. खैर, आपटा, धावडा, सीताफळ. वाळल्या पानांवर पाऊल पडलं की कुरकुर वाजतं. देवा, ही सावली पूर्वापार नव्हती. ती माणसांनी मागून आणली आहे. धों. म. मोहिते या माणसाच्या डोळ्यांत तू कोणती दृष्टी ठेवली होतीस, की त्यांना उघड्या खडकावर रान दिसलं? ते दिसलं म्हणून ते थांबले नाहीत. खड्डे खणले गेले, झाडं लागली, जगवली गेली; त्यांच्यासोबत गावं आली, वनखातं आलं. १९८५ साली हे अभयारण्य झालं. १०.८७ चौरस किलोमीटरचा हा डोंगर, कुंपण घातलेला. इथं सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडले गेले. राखलेली रानं महाराष्ट्रात अनेक आहेत. हे लावलेलं रान आहे.

म्हणून या वाटेवर चालताना मला देवराईत शिरल्यासारखं भय वाटत नाही. कुणाच्या तरी कष्टाच्या घरात शिरल्यासारखा संकोच वाटतो. ज्यांनी कावडीनं, घागरीनं, डोक्यावरून पाणी आणून इथलं एकेक रोप जगवलं असेल, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. देवा, ती नावं तुझ्याकडं असतील. मला माहीत नसलेल्या त्या सगळ्या हातांना माझा नमस्कार पोचव.

---

महागुंडोबाच्या माथ्यावर बसलो आहे. ऊन वर आलं, घाम वाऱ्यानं गार झाला. फडक्यातली भाकरी सोडली आहे. पहिला घास घेण्याआधी जे दिसतं आहे ते तुला सांगू दे. तुला ते रोजच दिसतं, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

खाली कृष्णा. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगवून, वाई पाहून, कऱ्हाडात कोयनेला मिठी मारून ती इथवर आली आहे. तिच्या दोन्ही तीरांना उसाचा हिरवा पट्टा, मधूनमधून द्राक्षबागांचे मांडव. इकडं देवराष्ट्रे. त्या गावात आजोळच्या घरी १९१३ साली यशवंतराव चव्हाण जन्मले. पुढं दिल्लीपर्यंत गेले आणि आयुष्याची गोष्ट सांगायला बसले तेव्हा तिला नाव दिलं 'कृष्णाकाठ'. मोठ्या फेरीनंतर माणूस नावासाठी कुठं परत येतो, हे या माथ्यावरून समजतं.

तिकडं किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथं आले तेव्हा निवडुंगानं भरलेला माळ होता. औंधच्या राजांनी जागा दिली आणि त्या माळावर कारखाना उभा राहिला, गाव वसलं. शेजारी कुंडल. १९४३ नंतरच्या प्रतिसरकारचं हे घर. क्रांतिसिंह नाना पाटील याच टापूतल्या येडेमच्छिंद्रचे. जी. डी. बापू लाड कुंडलचे. त्यांच्या तुफान सेनेनं ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी गाडी अडवली. शेणोली आज सातारा जिल्ह्यात आहे आणि कुंडल सांगलीत. पण तेव्हा सांगली हा जिल्हाच नव्हता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. माझ्या आजीच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत साताराच होता. ती सांगायची, अंधार पडला की भूमिगतांसाठी भाकरी बांधून द्यायची, पोरींनी ती ओढ्याकाठी ठेवून यायची, आणि कोण घेऊन गेलं ते विचारायचं नाही.

देवा, या भागातल्या डोंगरवाटांवरून अशी किती भाकरी गेली असेल! मी हौसेनं चालतो. पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या, पायात चांगले बूट. त्या पोरी अनवाणी चालल्या आणि कुणाला सांगायलाही त्यांना मुभा नव्हती. माझ्या चालण्याला त्यांच्या चालण्याची थोडी लाज असू दे. हा घास मी त्यांची आठवण ठेवून घेतो.

आणि हे सागराच्या ईश्वरा, इथून तुझं पाणीही दिसतं. ताकारीला कृष्णेचं पाणी पंपांनी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत डोंगरापल्याड कडेगाव, खानापूर, तासगावच्या रानांत नेतात. पाणी उताराला जातं, असं आपण शाळेत शिकलो. इथं पाणी माझ्यासारखंच दम खात चढतं. ज्या शिवारात ते पोचलं तिथल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मी पाहिला आहे. त्या पंपांवर रात्रपाळी करणाऱ्यांना, पाटाच्या शेवटच्या टोकाला वाट पाहत बसणाऱ्यांना सांभाळ. पुढच्या वावराचं पाणी मागच्यानं तोडू नये, एवढी सद्बुद्धी सगळ्यांना दे.

आणि हीच कृष्णा २०१९ च्या ऑगस्टात काठ सोडून घरात शिरली होती. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. जीव वाचवायला निघालेली बायामाणसं, लेकरं पाण्यात गेली. त्या दिवसापासून मी पाण्याला नुसतं जीवन म्हणू शकत नाही. माथ्यावर घोटभर मिळत नाही आणि पायथ्याला गाव बुडवतं. देवा, मी तुला 'का?' असं विचारत नाही, तो प्रश्न विचारायची ताकद माझ्याजवळ नाही. ज्यांची माणसं त्या पाण्यानं नेली, त्यांच्या घरात श्रावण येतो तेव्हा तू त्यांच्या जवळ बस. एवढंच मागतो.

---

आता जे घडलं ते सांगितल्याशिवाय पुढं पाऊल टाकवत नाही.

उतरताना वाट लांब वळसा घेत होती. खाली कुंपण दिसत होतं, ऊन तापलं होतं, दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. मला वाटलं, सरळ उतरलो तर अर्धा तास वाचेल. वनरक्षकाचं बोलणं आठवत होतं. आठवत असताना मी वाट सोडली. सागरेश्वरा, मी विसरलो असतो तर चूक झाली असती. मला आठवत होतं, म्हणून हा अपराध आहे.

दहा-बारा पावलं गेलो असेन. मुरूम सरकला, बसल्या बसल्या घसरत गेलो, दगडं गडगडली. खालच्या झाडीत चितळांचा कळप होता. दुपारच्या सावलीत निवांत बसला असेल. माझ्या दगडांनी तो उधळला आणि उतारावरून सैरावैरा पळत कुंपणाला भिडला. एक मादी तारेपाशी उभी राहिली. तिच्या बरगड्या वरखाली होताना मला दिसत होत्या. पलीकडं जाता येत नाही आणि अलीकडं मी. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझा गुडघा सोलला होता, तळहातात खडे रुतले होते, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. मी जिथं होतो तिथंच बसून राहिलो. हललो नाही, खोकलो नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती वळली, झाडीत शिरली, आणि रान पुन्हा गप्प झालं.

वडिलांचं वाक्य मला तिथं कळलं. ओलांडायचं नसतं म्हणजे काय, ते कळलं. तुझ्या पन्हाळीतून वाहतं ते कुणाच्या तरी वाट्याचं असतं. झाडाच्या, मुळाच्या, खालच्या शिवाराच्या, या मादीच्या. माझी घाई त्या वाटेच्या आड आली की मी तुझ्या पाण्यावर पाय दिला. हे देवा, मला क्षमा कर. आणि तिला सांग, की तो माणूस परत वाट सोडणार नाही.

चढून मूळ वाटेला लागलो. अर्धा तास वाचवायचा होता, पाऊण तास गेला.

---

बाहेर पडून कुंपणाकडेनं लंगडत निघालो. घसा लाकूड झाला होता. एका बांधावर एक मावशी शाळूच्या रानात बसली होती. तिनं लांबूनच हाक घातली.

"दादा, दमानं. पडलासा काय? या हिकडं, पाणी पिऊन जावा."

तिच्या कळशीवर ओलं फडकं होतं. तांब्या भरून दिला. आधी गुडघा धुवायला लावला, मग प्यायला दिलं. ते पाणी प्यायलो तेव्हा मला पहाटेचं अभिषेकपात्र आठवलं. थेंब थेंब तुझ्यावर पडतं आणि पन्हाळीनं बाहेर जातं ते कुठं पोचतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते आज माझ्यापर्यंत पोचलं.

तिला म्हटलं, "एकट्याच राखण करताय?"

"रातीला मालक असत्यात माळ्यावर. हरणं येत्यात की तारंतनं. कवळा शाळू दिसला की सोडत न्हाईत." मग डोंगराकडं बघत म्हणाली, "पर तेंनाबी पोट हायच की. उन्हाळ्यात वर काय खात असतील?"

देवा, ज्याचं पीक खाल्लं गेलं त्याच्या तोंडून हे आलं. मी शहरात बसून हरणांची बाजू घेतो तेव्हा माझं काही जात नाही. तिचं वर्षाचं धान्य जातं. तिची बाजू घेणारे लोकही आहेत आणि त्यांनाही हरणाच्या तहानेशी देणंघेणं नसतं. तुझी प्रदक्षिणा आम्हाला पन्हाळीच्या दोन्ही अंगांना नेऊन उभं करते. इकडून पाहा, मग मागं फिरून तिकडून पाहा. कुंपणाच्या आत एक तहान आहे, बाहेर एक आहे, आणि ही मावशी दोन्हीकडून पाहू शकते. तिच्या शाळूचं कणीस भरू दे. तिच्या माळ्यावरच्या माणसाला थंडीत ऊब दे. उन्हाळ्यात वरच्या पाणवठ्यांत पाणी सोडणाऱ्यांचा टँकर चुकू देऊ नकोस. वाळल्या गवतात जळती काडी टाकणाऱ्या हाताला आधीच धर, कारण या माणसांनी जे चाळीस वर्षं वाढवलं ते वणव्याला एक दुपार पुरते.

पुढच्या वळणावर ऊसतोड करणाऱ्यांच्या कोप्या होत्या. पाचटाचं छप्पर, दाराशी चूल, खाटेला बांधलेल्या झोळीत लेकरू. त्यातली बरीच माणसं बीडकडून आलेली. त्यांच्या गावाला पाणी नाही म्हणून ती आमच्या पाण्याचा ऊस तोडायला येतात. थंडीत पहाटे फडात शिरतात. ज्या वेळी मी तुझ्या गाभाऱ्यात डोळे मिटून उभा होतो, त्या वेळी त्यांच्या हातात कोयता होता. त्यांची फेरीही त्यांच्या गावातून सुरू होऊन तिथंच परत जाऊन संपते. ती सुखरूप संपू दे. झोळीतल्या लेकराला पुढच्या वर्षी शाळेत बसू दे.

---

दिवे लागणीची वेळ झाली. हे सागरेश्वरा, मी परत तुझ्या दारात आहे. बूट काढले, पाय धुतले, गुडघा चुरचुरला. पहाटे जिथं उभा होतो तिथंच उभा आहे. डोंगराची फेरी पूर्ण झाली.

पाणलोटाचं काम करणारी आमच्याकडची माणसं एक गोष्ट सांगतात. डोंगरावरचं धावतं पाणी चालतं करायचं, चालतं पाणी थांबवायचं, थांबलेलं मुरवायचं. मग विहिरीला पाझर फुटतो. त्यासाठी ते उतारावर आडव्या चऱ्या खणतात, ओढ्यात बांध घालतात. आज सकाळी मी धावत होतो. चढानं मला चालायला लावलं. त्या चितळाच्या मादीनं थांबायला लावलं. आता मुरायचं तेवढं राहिलं आहे, आणि ते माझ्या हातात नाही. ते तू कर. हा दिवस माझ्या वरवरच्या मातीवरून वाहून जाऊ देऊ नकोस. आत जिरू दे. म्हणजे पुढं कधी कुणी तहानलेलं माझ्या बांधावरून चाललं, तर मला त्या मावशीसारखं आधी हाक मारता यावी.

वडिलांना निरोप दे, की पाय शिकले.

आता नंदीच्या पाठीवर हात ठेवतो. एका अंगानं निघतो. दगड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट आहे. पन्हाळीतून पाणी येतंय, अंधारात त्याचा बारीक आवाज होतो आहे. इथं थांबतो. पाणी पुढं जाऊ दे.

मी मागं वळतो.